वाचकांचे प्रश्न : रीफ टाकीतलं हट्टी शेवाळ

गेल्या अंकातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत मासे आणि प्रवाळांपेक्षा शेवाळाचीच चौकशी जास्त आहे. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (ठाणे) : टाकी २०० लिटरची, दीड वर्ष जुनी. दगडांवर बोटभर लांब हिरवे केस वाढलेत. किटवर नायट्रेट शून्य, फॉस्फेटही शून्य. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. मग हे शेवाळ जगतं तरी कशावर?

उत्तर : तुम्ही घालता त्या खाण्यावर, तुमच्या पाण्यावर आणि दगडांत मुरलेल्या फॉस्फेटवर. किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं. शेवाळानं आधीच ओढून घेतलेलं त्यात येत नाही. बोटभर केस दिसत असतील तर शून्याचा अर्थ एवढाच की शेवाळ पंगतीला आधी बसलंय.

आधी आरओ पाहा. घरच्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. तो मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणपडद्यातून) आलेल्या शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. प्यायला ते उत्तम. टाकीतून मात्र रोज दोनेक लिटर पाणी उडतं आणि त्यातलं विरघळलेलं काहीच उडत नाही, म्हणजे महिन्याला साठ लिटर पाण्याचा गाळ तुम्ही आत साठवता. मेम्ब्रेनच्या नळीला, मिसळण्याच्या जागेच्या आधी, टी आकाराचा जोड बसवा आणि पुढे मिक्स्ड-बेड डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं) नळकांडं लावा. टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर) ० यायला हवा. १-२ दिसू लागलं की रेझिन बदला, कारण संपत आलेल्या रेझिनमधून सिलिकेट सगळ्यात आधी निसटतं.

मग हातानं काढणं. याला पर्याय नाही आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. उचलता येईल तो दगड टाकीतल्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत घेऊन कडक टूथब्रशनं घासा, दुसऱ्या बादलीत खंगाळा आणि परत ठेवा. न उचलता येणाऱ्या दगडांसाठी हवेच्या पंपाची नळी टूथब्रशच्या दांड्याला रबरबँडनं बांधा, नळीनं सायफन सुरू करा आणि दुसरं टोक संपमधल्या (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळणपिशवीत, सोडा. घासलेलं शेवाळ जागच्या जागी ओढलं जातं आणि पाणीही वाया जात नाही. त्या वेळी पॉवरहेड (टाकीत प्रवाह फिरवणारे पंप) बंद ठेवा, नाहीतर तुकडे उडून नव्या जागी रुजतात. दर चार-पाच दिवसांनी हेच करा. दगडावर झोअँथिड (बटणांसारखे मऊ प्रवाळ) असतील तर हातमोजे आणि चष्मा हवाच. असा दगड चुकूनही गरम पाण्यात घालू नका. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर श्वासात गेलं तर थेट इस्पितळ गाठावं लागतं.

घासूनही मुळं उरतात तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडची बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते, तिच्यावर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच आरओ पाणी घातलं की ३ टक्के झालं. दगड बाहेर काढून सिरिंजनं फक्त शेवाळावर थेंब सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त दगड घेऊ नका. एकदम मेलेलं शेवाळ कुजलं की अमोनिया वर येतो. क्लीनर कोळंबीला पेरॉक्साइड सोसत नाही.

ट्रोकस गोगलगायी आठ-दहा पुरेत, पण घासून झाल्यावरच सोडा. त्या आखूड शेवाळ खातात, लांब केसांकडे बघतही नाहीत. अ‍ॅस्ट्रियापेक्षा ट्रोकस बरी, कारण उलटी पडली तर स्वतः सरळ होते. दिव्याची वेळ आठ तासांवर आणा. दगडातलं मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे दोन-अडीच महिने धरून चाला.

प्रश्न (कोल्हापूर) : हॅनाच्या फॉस्फरस चेकरवर ६५ आकडा येतो. हे भयंकर आहे का?

उत्तर : नाही. एचआय ७३६ हे यंत्र फॉस्फेट नव्हे, फॉस्फरस दाखवतं, तेही पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग). आकड्याला ३.०६६ नं गुणा आणि १००० नं भागा. ६५ चे ०.२० पीपीएम (दहा लाखांत किती भाग) फॉस्फेट झाले. ०.०३ ते ०.१० च्या घरात असावं, म्हणजे तुमचं जास्त आहे, पण घाबरण्याइतकं नाही. फॉस्फेट शोषणारे आयर्न ऑक्साइडचे दाणे लावायचे तर पाकिटावरच्या मात्रेच्या चौथाईनं सुरुवात करा. फॉस्फेट एकदम पाडलं की प्रवाळांची टोकं पांढरी पडतात, आणि ती चूक शेवाळापेक्षा महाग पडते. यंत्राची चूक ±५ पीपीबीची आहे, त्यामुळे १२ चे १६ झाले तर झोप उडवून घेऊ नका. कुपीवर बोटाचा ठसा उमटला तरी आकडा वाढतो. शून्य करताना आणि मोजताना तीच कुपी पुसून, त्याच बाजूनं ठेवा.

प्रश्न (पुणे) : आमचं शेवाळ घासलं की आठवड्यात तिथेच उगवतं. जवळून पिसासारखं दिसतं. गोगलगायी तोंड लावत नाहीत.

उत्तर : भिंगाखाली पाहा. मधे एक दांडी आणि दोन्ही बाजूंना बारीक फांट्या असतील तर ते ब्रायोप्सिस नावाचं शेवाळ. पाणी कितीही स्वच्छ केलं तरी ते सहसा हटत नाही. इथे फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालतं. मात्रा लिटरला ५ मिलिग्रॅम. टाकीवर लिहिलेले लिटर धरू नका. संपसह खरं पाणी धरा आणि दगड-वाळूची जागा वजा करा. तुमचं पाणी २७० लिटर भरलं तर १३५० मिलिग्रॅम, म्हणजे १५० च्या ९ गोळ्या. औषध चिठ्ठीवरचं आहे, पशुवैद्याकडून लिहून घ्या. बाजारात याच नावाचं तीन औषधांचं किट मिळतं, त्यात अझिथ्रोमायसिन असतं. ते टाकीत गेलं तर फिल्टरचे जिवाणूही जातील.

गोळ्या कुटून आरओ पाण्यात कालवा आणि संपमध्ये ओता. त्याआधी फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही (अतिनील) दिवा बंद करा, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप काढून स्किमर नुसता हवेसाठी चालू ठेवा. चौदा दिवस पाणी बदलायचं नाही. पहिले चार-पाच दिवस काहीच दिसत नाही आणि लोक घाबरून दुसरा डोस देतात. देऊ नका. मग रंग उडतो, गुच्छ लोळतात, ते सायफननं काढत जा. पंधराव्या दिवशी चौथाई पाणी बदला आणि ताजा कार्बन घाला.

प्रश्न (नाशिक) : वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेली शेंबडासारखी साय येते. रात्री कमी होते, दुपारी परत हजर. पाणी भरपूर बदललं, खाणं कमी केलं, तर आणखी वाढली. गोगलगायी मरताहेत.

उत्तर : हे बहुधा शेवाळ नव्हे, डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) हे एकपेशीय सूक्ष्मजीव. ठाण्याच्या वाचकांना दिलेला सल्ला इथे उलटा पडतो. नायट्रेट-फॉस्फेट खरोखर शून्यावर गेलं की स्पर्धक उपाशी मरतात आणि डायनोंना रान मोकळं मिळतं. पाणी बदलून तुम्ही त्यांनाच जागा करून दिलीत.

खात्री अशी करा : साय थोड्या पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफीच्या गाळणकागदातून गाळा आणि खाली आलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तंतू जुळून गोळा झाला तर डायनोच. ४०० पट दाखवणारा मायक्रोस्कोप मिळाला तर पुढचं सोपं होतं. पाण्याच्या थेंबासारखा आकार आणि एका टोकानं चिकटून गरगर फिरणारा तो ऑस्ट्रिऑप्सिस. गोगलगायी बहुधा यानंच मरतात. तो रात्री पाण्यात सुटतो, म्हणून दर ११-१२ लिटरला एक वॅट या हिशेबानं यूव्ही लावा. त्याचं पाणी संपमधून नाही, थेट मुख्य टाकीतून घ्या. सुरुवातीला तीन दिवस पूर्ण अंधार ठेवा. लंबगोल, एका टोकाला वाकडी चोच असलेला अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच राहतो, त्याच्यावर यूव्हीचे पैसे फुकट. तिथे सिलिकेट देऊन डायटम (सिलिकेटवर वाढणारं, डायनोंशी स्पर्धा करणारं सूक्ष्म शेवाळ) वाढवणं हा उपाय आहे.

दोन्हींत नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पर्यंत चढवायचं. द्राक्षबागेला सोडता ते १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. रसायनं हीच, फक्त खताच्या पोत्यातली नको, प्रयोगशाळेच्या दर्जाची घ्या. एक लिटर आरओ पाण्यात १६.३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळवा. याचे २० मिली २०० लिटरमध्ये घातले की नायट्रेट १ पीपीएमनं वाढतं. दुसऱ्या बाटलीत लिटरला १.४३ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट. त्याचे १० मिली म्हणजे २०० लिटरमध्ये ०.०५ पीपीएम फॉस्फेट. रोज मोजा, कारण सुरुवातीला दगड फॉस्फेट गिळतात आणि घातलेलं दुसऱ्या दिवशी गायब दिसतं.

प्रश्न (रत्नागिरी) : गोगलगायी आणि जिवंत दगड (सूक्ष्मजीव वसलेले समुद्रातले दगड) आमच्याच किनाऱ्यावरून आणले तर?

उत्तर : दगड अजिबात नको. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, दगडाला चिकटून आलेला तुकडाही त्यात मोडतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या गोगलगायींना मधूनमधून कोरडं राहायची सवय असते. त्या रात्री काचेवरून चढून बाहेर पडतात आणि सकाळी सोफ्याखाली सापडतात.