स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडचे नाव कसे होते?

नव्या रॉक बँडविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तीन मित्रांबरोबर रॉक बँड चालवतो. गाणी त्यांची स्वतःची आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. परंतु कॅफेचे मालक ‘लोकांच्या ओळखीची गाणी वाजवा’ असा आग्रह धरतात आणि स्वतःची गाणी वाजवली की पुढचे बोलावणे येत नाही. अशा बँडचे नाव होते तरी कसे आणि त्यासाठी किती काळ वाट पाहावी?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मुलाने स्वतःची गाणी सोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव कसे होते, हे मात्र एका बँडची पहिली तीन वर्षे डोळ्यांसमोर ठेवून पाहू.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथल्या एका रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक नोकरीला होता आणि मायकेल स्टाइप हा कलाशाखेचा विद्यार्थी तिथे गिऱ्हाईक म्हणून येत असे. दोघांची आवड जुळली, पुढे बास गिटार वाजवणारा माइक मिल्स आणि ड्रमवादक बिल बेरी त्यांना येऊन मिळाले आणि ५ एप्रिल १९८० रोजी, वापरात नसलेल्या एका चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला या चौघांनी पहिला कार्यक्रम केला. बँडचे ‘आर.ई.एम.’ हे नावसुद्धा त्यानंतर ठरले. त्या रात्री वाजवलेल्या गाण्यांत इतरांची गाणीही बरीच होती, हे कॅफेच्या मालकांशी बोलताना आपल्या मुलाने जरूर लक्षात ठेवावे.

त्यानंतरचे दीड वर्ष त्यांनी दक्षिणेकडील राज्यांत एका जुन्या निळ्या व्हॅनमधून फिरण्यात घालवले. अशा संगीतासाठी गावोगावची ठिकाणे ठरलेली नव्हती. जो क्लब दार उघडेल तिथे वाजवायचे, रात्रीच पुढच्या गावाची वाट धरायची आणि जेवणासाठी प्रत्येकी दिवसाला दोन डॉलर, असा तो संसार होता. जुलै १९८१ मध्ये एका चिमुकल्या कंपनीने त्यांची ‘रेडिओ फ्री युरोप’ ही पहिली तबकडी काढली. पहिल्या खेपेला १००० प्रती निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक प्रती विक्रीला न ठेवता समीक्षक आणि रेडिओ केंद्रे यांच्याकडे पाठवल्या गेल्या. वर्ष संपताना ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती वर्षातील उत्कृष्ट दहा गाण्यांत गणली. मला यातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. वृत्तपत्राने दखल घेतली तेव्हा बँड जवळपास पावणेदोन वर्षे लोकांसमोर वाजवत होता, त्यामुळे ते वाचून कार्यक्रमाला येणाऱ्या माणसाला कच्चा बँड ऐकावा लागला नाही.

पहिल्या अल्बमच्या वेळी नव्या, मोठ्या कंपनीने त्यांना दुसऱ्या एका निर्मात्याबरोबर चाचणी द्यायला लावली. त्या निर्मात्याने एकच गाणे मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर पुन्हा पुन्हा वाजवून घेतले, ड्रमवादकाचा स्वतःवरचा विश्वास उडाला आणि नंतर त्या ध्वनिमुद्रणावर परस्पर कीबोर्ड चढवले गेले. चौघांनी त्याच्याबरोबर काम करायला नकार दिला आणि पहिली तबकडी ज्याच्या हाताखाली झाली होती त्या मिच ईस्टरकडे परत जाण्याचा आग्रह धरला. कंपनीने तो मानला. गिटारची लांबलचक एकल वादने नकोत आणि सिंथेसायझर नको, हे बँडने आधीच ठरवले होते. १९८३ मध्ये आलेल्या ‘मर्मर’ या अल्बमला ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवले, मात्र वर्षअखेर त्याच्या सुमारे दोन लाखच प्रती खपल्या होत्या आणि अमेरिकेसारख्या बाजारात हा आकडा माफकच म्हणावा लागेल. घराघरांत त्यांचे नाव पोहोचले ते १९९१ मध्ये.

आपल्याकडच्या कॅफेमालकांचा आग्रह कुठून येतो, तेही समजून घ्यायला हवे. महाराष्ट्रात वाद्यवृंदांची, म्हणजे ज्याला आपण ऑर्केस्ट्रा म्हणतो त्याची, परंपरा मोठी आहे आणि तिथे गाणे रेकॉर्डसारखे हुबेहूब उतरले की टाळी पडते. त्या कलेत मेहनत अफाट असते, मला तिच्याविषयी आदर आहे. परंतु त्या कानाने ऐकणाऱ्या श्रोत्याला अनोळखी गाणे पहिल्या ऐकण्यात पकडता येत नाही, म्हणून त्याच श्रोत्याला तेच गाणे दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ऐकवण्याची सोय बँडने करायला हवी. दहा कॅफेंत एकेकदा वाजवण्यापेक्षा एकाच ठिकाणी दर महिन्याला वाजवावे, सुरुवातीला दोन-तीन ओळखीची गाणी स्वतःच्या पद्धतीने बसवून घ्यावीत आणि दर खेपेला स्वतःचे एक गाणे वाढवावे. मागच्या वेळचे किती चेहरे पुन्हा आले, हे बँडमधल्या एकाने डोळसपणे पाहावे. तो आकडा वाढत असेल, तर नाव होत आहे. वर्षभरात तो मुळीच हलला नाही, तर गाणी आणि तालीम दोन्ही नव्याने तपासावीत. बँड मोडण्याची घाई मात्र करू नये.

प्रश्न : महाराष्ट्रात पूर्वी स्वतःची गाणी वाजवणारे रॉक बँड होते का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : होते, आणि त्यांतला एक मुंबईचाच आहे. १९८४ मध्ये सुरू झालेला ‘रॉक मशीन’ हा बँड त्या काळच्या इतर बँडप्रमाणेच परदेशी गाणी वाजवत उभा राहिला. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटार वाजवायचा. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला. परदेशी गाणी सफाईने वाजवणाऱ्यालाच मान असलेल्या शहरात हे धाडस होते. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले आणि त्यांच्या संगीतात भारतीय सूर व वाद्ये अधिक दिसू लागली.

त्या पिढीला धोबीतलावजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह लाभले होते. ऑगस्टमध्ये तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरायचा आणि पावसात भिजत महाविद्यालयीन मुले अनोळखी बँड ऐकायची. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले आणि माझ्या मते मुंबईच्या नव्या बँडचे त्यात मोठे नुकसान झाले. पुण्यात २०१० पासून ‘एनएच७ वीकेंडर’ या संगीत महोत्सवाने काही अंशी ती जागा भरली, कारण एकाच आवारातील अनेक मंचांमुळे मोठे नाव ऐकायला आलेला श्रोता वाटेत नवख्या बँडसमोरही थांबायचा.

प्रश्न : आमची गाणी इंटरनेटवर आहेत, पण ऐकणारे फार थोडे. साठवलेले पैसे चांगल्या स्टुडिओवर खर्च करावेत, जाहिरातीवर की प्रवासावर?
— बासवादक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रवासावर, आणि उरले तर साध्या ध्वनिमुद्रणावर. इंटरनेटमुळे नाव झालेला बँड म्हणून इंग्लंडमधील शेफील्डच्या ‘आर्क्टिक मंकीज’चे उदाहरण नेहमी दिले जाते. ते उदाहरण नीट पाहिले तर दिसते की ही मुले कार्यक्रमाला आलेल्यांना आपल्या गाण्यांच्या सीडी फुकट वाटत होती. ती गाणी नेटवर चढवली श्रोत्यांनीच, आणि पुढच्या कार्यक्रमात समोरची गर्दी प्रकाशितच न झालेल्या गाण्यांचे शब्द म्हणू लागली. जानेवारी २००६ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रतींनी खपला. नेटने पसरवली ती आधी प्रत्यक्ष ऐकलेली ओढ होती.

स्टुडिओच्या बाबतीत सांगायचे तर आर.ई.एम.ची पहिली तबकडी मिच ईस्टरच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रित झाली होती. त्यापेक्षा लहान खोलीतला आपला आवाज सुधारावा. कॅफेमध्ये ड्रमचा आवाज कमी करता येत नाही, म्हणून गिटारवादक आवाज वाढवतो, मग बास वाढतो आणि गायकाचा एकही शब्द शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. ज्या गाण्याचे शब्द कळले नाहीत, ते नवे गाणे घरी जाताना कुणाच्या तोंडी राहत नाही. साउंड चेकच्या वेळी एकाने शेवटच्या टेबलाशी उभे राहून ऐकावे, गायकाचा आवाज आधी पक्का करावा आणि बाकी सर्व वाद्ये त्याच्या खाली ठेवावीत. जाहिरातीवर पैसे खर्च करून मिळणारी ऐकणाऱ्यांची संख्या कार्यक्रमाला येत नाही.

प्रश्न : आमच्या बँडमध्ये चाली बहुतांशी एकच जण बांधतो आणि आता श्रेय व पैसे त्याच प्रमाणात हवेत असे म्हणतो. त्यातच एका कंपनीने करार पुढे केला आहे. काय करावे?
— ड्रमवादक, ठाणे

उत्तर : करारावर सही करण्यापूर्वी आपसातला प्रश्न कागदावर मिटवा. आर.ई.एम.ने आपल्या गाण्यांचे श्रेय चौघांच्या नावे समान ठेवले आणि प्रत्येकाला नकाराधिकार दिला. चाल एकाला सुचली तरी ताल, बासची ओळ आणि गाण्याची मांडणी तालमीत चौघे मिळून घडवतात, त्यामुळे मला ही वाटणी न्याय्य वाटते. १९९७ मध्ये बेरी बाहेर पडल्यावरही बँड २०११ पर्यंत टिकला, त्यामागे पैशांवरून न भांडण्याची ही व्यवस्था होती, असे मी मानतो. तुमचा सहकारी हे मान्य करत नसेल, तर प्रत्येक गाण्याखाली गीत कोणाचे, चाल कोणाची आणि वाटा किती, हे तारखेसह लिहून चौघांनी सह्या कराव्यात.

आता कंपनीचा करार. भारतात कॉपीराइट कायद्यानुसार रचनेवरचा हक्क ती निर्माण होताच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरतेच दिले असे मानले जाते. त्यामुळे ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द दिसले की तिथे थांबून वकिलाला विचारावे. या कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणाच्या वापरातून गीतकार आणि संगीतकार यांना मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही, म्हणून ‘एकरकमी मोबदल्यात सर्व रॉयल्टी सोडत आहोत’ असे कलम असेल तर ते वगळायला सांगा. कंपनी वर्षभर काहीच प्रकाशित करणार नसेल तर गाणी तुमच्याकडे परत येतील, असेही स्पष्ट लिहून घ्या. मूळ कायद्यात तशी तरतूद आहे, पण करारात वेगळे लिहून ती टाळता येते.