सूक्ष्मगुरुत्वातील ज्वलनाच्या नव्या अभ्यासकास

परभणीत शिकत असताना आपण हा विषय निवडलात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र आरंभ जमिनीवरच्या ज्योतीपासूनच करावा. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिच्या जागी ताजी हवा येते, म्हणून ज्योत निमुळती होते. वजनरहित अवस्थेत, म्हणजेच सूक्ष्मगुरुत्वात, हा प्रवाह थांबतो, प्राणवायू मुख्यतः विसरणानेच, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाऊन, पोहोचतो आणि मेणबत्तीची ज्योत जवळजवळ गोल व मंद निळी दिसते.

यावरून तेथे आगीचा धोका कमी, असा निष्कर्ष कृपया काढू नये. वायुवीजनाची संथ झुळूकही ज्योतीला पुरते, आणि काही पदार्थ जमिनीवर विझतील इतक्या कमी प्राणवायूतही तेथे जळत राहतात. माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म हेच आहे. 2016 साली नासाने सिग्नस या मालवाहू यानात सुमारे एक मीटर लांबीचे कापूस व काचतंतूंचे मिश्र कापड जाळून पाहिले, त्याचे निष्कर्ष आधी वाचावेत; कापसाच्या मुलखातल्या आपल्याला तो नमुना परका वाटणार नाही.

प्रत्यक्ष प्रयोगासाठी आयआयटी मद्रासच्या पतन-मनोऱ्यात, म्हणजे नमुना उंचावरून मुक्तपणे पाडण्याच्या मनोऱ्यात, वजनरहित अवस्थेचे सुमारे अडीच सेकंदच मिळतात. तेवढ्यात जाड प्लास्टिक पुरेसे तापतही नाही, तेव्हा पातळ कागद किंवा कापडच घ्यावे आणि नमुना पडण्यापूर्वी पेटला की पडताना, हे दर वेळी नोंदवावे.