भोपळ्याची फळे का गळतात? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : गच्चीवरील मोठ्या कुंडीत लावलेल्या लाल भोपळ्याच्या वेलीला भरपूर फुले येतात. सुरुवातीची सर्व फुले गळून गेली. आता काही फुलांखाली लिंबाएवढे फळ दिसते, परंतु तेही थोड्याच दिवसांत पिवळे पडून सुकते. हा रोग आहे का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा रोग वाटत नाही. भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. साधारणपणे पहिला एक-दोन आठवडे केवळ नर फुलेच उमलतात आणि ती गळून जाणे स्वाभाविक असते. मादी फुलाखाली जे छोटे फळ दिसते ते खरे तर अंडाशय असते. परागीभवन झाले नाही, म्हणजे नर फुलातील पराग मादी फुलाला लागला नाही, तर ते वाढत नाही आणि टोकाकडून पिवळे पडत सुकते. मात्र अशा फळावर टोचल्याची खूण असेल आणि ते चिरल्यावर आत अळी आढळली, तर तो फळमाशीचा उपद्रव समजावा.

भोपळ्याचे परागकण मोठे, जड व चिकट असल्यामुळे ते वाऱ्याने वाहून जात नाहीत. ते पोहोचवण्याचे काम प्रामुख्याने मधमाश्या करतात. उंच गच्चीवर किंवा बंदिस्त सज्जात त्या फारशा फिरकत नसतील, तर ते काम आपल्याला हाताने करावे लागते. त्यात कौशल्यापेक्षा वेळ साधणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, दुपारपूर्वीच मिटते आणि पुन्हा उघडत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच वेल नीट पाहावी. ज्या कळ्यांची टोके पिवळी-केशरी झालेली असतात, त्या बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी उमलतात.

सकाळी लवकर, शक्यतो नऊच्या आत, ताजे उमललेले नर फूल लांब देठासह तोडावे आणि त्याच्या पाकळ्या हलकेच काढून टाकाव्यात. मधल्या दांड्याला बोट लावल्यावर पिवळी पूड बोटाला चिकटली, तर पराग तयार आहे असे समजावे. हा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीवर अलगद फिरवावा. कुक्षीचे भाग वेगवेगळे दिसतात. त्या प्रत्येकावर पराग लागेल याची काळजी घ्यावी, कारण पराग एकाच बाजूला लागल्यास अनेकदा फळही एका बाजूने खुरटून वेडेवाकडे होते. ब्रशनेही हे काम करता येते, परंतु बराच पराग ब्रशच्या केसांतच अडकून राहतो, म्हणून मी थेट नर फूलच वापरण्याचा सल्ला देईन. एका मादी फुलासाठी दोन नर फुले मिळाली तर उत्तम. पावसाचा अंदाज असेल, तर दोन्ही कळ्या आदल्या संध्याकाळीच झाकून ठेवाव्यात, कारण भिजलेला पराग निकामी होतो.

हाताने परागीभवन केलेले प्रत्येक फळ टिकेलच असे नाही. वेलीवर आधीच एक-दोन फळे पोसली जात असतील, तर वेल नवी फळे सोडून देते. कडक उन्हाळ्यात, तसेच नत्रयुक्त खत जास्त झाल्यास, पाने आणि नर फुले वाढतात व मादी फुले कमी येतात. अशा वेळी आणखी खत घालू नये. आणि फुले उघडी असताना कीटकनाशक कधीही फवारू नये, कारण आपल्याकडे येणाऱ्या थोड्याफार मधमाश्याही त्याने मरतात.

प्रश्न : त्याच मांडवावर दुधी आणि दोडकाही आहे. हीच पद्धत त्यांना चालेल का? आणि एकाचा पराग दुसऱ्याला लागून चव बिघडेल का?

उत्तर : पद्धत तीच, वेळ मात्र निराळी. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि दोडक्याचीही दिवस कलताना, त्यामुळे या दोघांचे काम संध्याकाळीच करावे. दुधी, दोडका आणि भोपळा यांचा परस्परांत संकर होत नाही. भोपळ्याच्या दोन जाती शेजारी असतील, तर त्यांचा संकर होऊ शकतो. पण त्याचा परिणाम त्या फळाच्या चवीवर न होता आतील बियांवर, म्हणजे पुढच्या पिढीवर होतो. बी राखायचे असल्यास निवडलेल्या नर व मादी कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधाव्यात, सकाळी परागीभवन करून मादी फूल पुन्हा बांधावे आणि त्या देठाला खूण करून ठेवावी. अशा घरच्या बियाण्यापासून आलेले फळ कडू लागले, तर ते मुळीच खाऊ नये. त्यातील कडू द्रव्य विषारी असते आणि शिजवल्यानेही ते नाहीसे होत नाही.