कईला: शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथातील सीमेवरचे एक लहान गाव

आपला प्रश्न असा आहे की, बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या २३व्या अध्यायात येणाऱ्या कईला या किरकोळ गावाला एवढी जागा का मिळाली, आणि पुढे राजा झालेल्या ज्या दाविदाने त्यांना पलिष्टी या शेजारच्या शत्रूच्या तावडीतून सोडवले त्यालाच त्याच्या मागावर असलेल्या शौल राजाच्या हवाली करायला निघालेले तिथले लोक कृतघ्न नव्हते का? माझ्या मते त्यांना कृतघ्न ठरवण्यापूर्वी ते गाव कुठे वसले होते आणि त्याला वाली कोण होता, हे पाहायला हवे. अध्यायाचा सारा भार त्याच गोष्टीवर आहे.

कईलाची ओळख हेब्रोनच्या वायव्येला असलेल्या खिरबेत कीला या जागेशी पटवली जाते. पूर्वेला यहूदा या इस्राएली वंशाचा डोंगराळ मुलूख, पश्चिमेला समुद्राकडचे पलिष्ट्यांचे मैदान, आणि या दोहोंच्या मध्ये शफेला नावाचा बुटक्या टेकड्यांचा आणि सुपीक खोऱ्यांचा पट्टा आहे. कईला या पट्ट्याच्या पूर्वेकडच्या कडेला, एला खोऱ्याच्या वरच्या अंगाला येते. मैदानातून डोंगरावर चढणाऱ्या वाटा अशा खोऱ्यांतूनच जात असल्यामुळे येथील गावे दोन्ही बाजूंना हवी असत, आणि संकटाच्या वेळी दोन्ही बाजूंना ती लांबची वाटत.

हे लांबपण मूळ कथेतच एका वाक्यात आले आहे. यहोशवाच्या ग्रंथातील १५व्या अध्यायात यहूदा वंशाच्या वाट्याला आलेल्या नगरांची यादी आहे आणि तीत कईलाचे नाव स्पष्टपणे घेतलेले आहे. असे असूनही दावीद कईलाच्या मदतीला जायचे म्हणतो तेव्हा त्याची माणसे म्हणतात की, इथे यहूदात असतानाच आम्हाला भीती वाटते, मग कईलाला पलिष्ट्यांच्या सैन्यावर चालून गेल्यास किती अधिक वाटेल! कागदोपत्री यहूदातले असलेले गाव यहूदाच्याच माणसांच्या बोलण्यात यहूदाबाहेरचे होऊन जाते, आणि त्यांची धास्ती घालवण्यासाठी दाविदाला परमेश्वराला दुसऱ्यांदा विचारावे लागते.

पलिष्टी तिथे काय करत होते, हेही नीट पाहण्यासारखे आहे, कारण ग्रंथकाराने नुसते ‘हल्ला’ असे न लिहिता ते खळी लुटत होते असे लिहिले आहे. खळ्याला उघडी, टणक आणि वारा लागणारी जागा लागते, त्यामुळे ते साधारणपणे वस्तीच्या बाहेर असते. गावाला वेशी आणि अडसर असले तरी कापणी झालेले धान्य मळणी-उफणणी होऊन घरात पडेपर्यंत तटबंदीच्या बाहेरच राहते. लुटारूने नेमकी ती वेळ साधली की पेरणीपासून कापणीपर्यंतचे कष्ट दुसऱ्याचे आणि रास मात्र त्याची होते. मागे राहणाऱ्यांपुढे वर्षभराच्या उपासमारीचे संकट उभे राहते. अशा वेळी धावून येणे हे राजाचे काम होते आणि राजा शौल होता. तो आल्याचा उल्लेख नाही. आला तो दावीद, जो स्वतःच शौलापासून लपत फिरत होता. त्याने पलिष्ट्यांना मारून काढले आणि त्यांची गुरेढोरेही हाकून आणली.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. दावीद वेशी असलेल्या नगरात शिरून स्वतःला कोंडून बसला आहे, देवानेच त्याला माझ्या हाती दिले आहे, असे म्हणत शौल कईलाला वेढा घालण्यासाठी सर्व लोकांना बोलावतो. खळी लुटली जात असताना जे सैन्य आले नाही, ते आता त्याच गावावर उतरणार होते. शिवाय आदल्याच अध्यायात नोब या याजकांच्या गावाचे काय झाले, ते आपण वाचलेले असते. अहीमलेख याजकाने दाविदाला भाकर आणि तलवार दिली, एवढ्या कारणावरून शौलाच्या आज्ञेने दवेग अदोमी याने ८५ याजकांचा वध केला आणि बायकामुले, तान्ही बाळे व गुरेढोरे यांच्यासह सारे गाव कापून काढले. त्यातून वाचलेला अहीमलेखाचा मुलगा अब्याथार हातात एफोद, म्हणजे देवाचा कौल घेताना वापरायचे याजकाचे वस्त्र, घेऊन दाविदाकडे पळून आला, आणि त्याच्या येण्याच्या संदर्भात ग्रंथकाराने कईलाचेच नाव घेतले आहे. कईलाच्या लोकांनी त्याच्याशी काय बोलणे केले ते ग्रंथात नाही. पण दाविदाला थारा दिल्याची किंमत काय असते, याचा जिवंत साक्षीदार त्यांच्या वेशीच्या आत उभा होता.

दावीद त्याच एफोदाच्या साहाय्याने परमेश्वराला विचारतो. कईलाचे लोक मला शौलाच्या हाती देतील काय आणि शौल खरोखर येईल काय, असे दोन्ही प्रश्न तो एकदम विचारतो. उत्तर फक्त दुसऱ्याचे मिळते: येईल. पहिला प्रश्न त्याला पुन्हा विचारावा लागतो, तेव्हा उत्तर येते: देतील. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, कारण हे कळल्यावरही दावीद गावकऱ्यांना बोल लावत नाही, त्यांना ओलीस धरत नाही किंवा त्यांच्या तटबंदीचा आधार घेऊन लढतही नाही. तो आपली सुमारे ६०० माणसे घेऊन निघून जातो, ते ऐकून शौल मोहीम सोडून देतो आणि गाव वाचते. याचा अर्थ कईलाच्या लोकांनी दाविदाला प्रत्यक्षात कधीच धरून दिले नाही. याच अध्यायात पुढे जीफचे लोक आपण होऊन शौलाकडे जातात आणि दावीद कुठे लपला आहे ते सांगतात. फितुरी म्हणायची तर ती जीफकरांची म्हणावी.

घडणार असे सांगितलेली पण न घडलेली ही गोष्ट पुढे धर्मशास्त्रातही गाजली. अमुक परिस्थितीत माणूस काय करील हे देवाला ठाऊक असते, या लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइट (कॅथलिक संघाच्या) धर्मपंडिताच्या १५८८ मधील प्रतिपादनाच्या समर्थनार्थ हाच उतारा वारंवार पुढे केला जातो. तो वाद मोठा आहे. येथे एवढेच पुरे.

कईलावरची ही ओढाताण दाविदाच्याही आधीची आहे. इजिप्तमधील अमार्ना येथे १८८७ मध्ये मातीच्या पाट्यांवरील पत्रांचा जो संग्रह उजेडात आला, त्यात इसवी सनपूर्व १४व्या शतकातील किल्तू या गावाची तक्रार आहे, आणि किल्तू म्हणजेच कईला असे अभ्यासक सामान्यतः मानतात. शुवर्दत्ता नावाचा सरदार फेरोला कळवतो की, यरुशलेमच्या अब्दी-हेबाने किल्तूच्या लोकांना चांदी घ्या आणि माझ्यामागे या असे लिहून पाठवले. अब्दी-हेबाची पत्रे उलट शुवर्दत्तावर आरोप करतात. डोंगरावरचा सत्ताधीश आणि सखल भागातला सत्ताधीश यांच्या रस्सीखेचीत हे गाव दाविदाच्या ३०० हून अधिक वर्षे आधीही सापडलेले होते.

यहूद्यांच्या बाबिलोनमधील बंदिवासानंतर, इसवी सनपूर्व ५व्या शतकात, नहेम्या या यहूदी अधिकाऱ्याने यरुशलेमचा तट पुन्हा बांधायला घेतला. त्याच्या ग्रंथातील ३ऱ्या अध्यायात तटाचा कोणता भाग कोणी दुरुस्त केला याची यादी आहे. तीत कईलाच्या अर्ध्या प्रांताचा अधिकारी हशब्या आणि उरलेल्या अर्ध्या प्रांताचा अधिकारी, हेनादादाचा पुत्र बव्वई, हे दोघेही लागोपाठ काम करताना दिसतात. दाविदाच्या माणसांनी ज्या गावाला यहूदाबाहेरचे मानले होते, त्याचे दोन्ही अर्धे भाग तिथे यहूद्यांच्या राजधानीच्या तटावर राबत आहेत.