शत्रूपक्षाचा जावई

प्रश्न : मी मिरजेत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. युद्धातली नर्स आणि शत्रूचा सैनिक यांचं प्रेम सिनेमात बघितलंय. खरंच असं कुठे घडलंय का? आणि पुढे संसार झाला का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : घडलंय गं. आणि संसारही चांगला पन्नास वर्षांवर झाला.

एलिनॉर पॉवेल, अमेरिकेतल्या मिल्टन गावची कृष्णवर्णीय मुलगी. 1944 साली सैन्यात नर्स, हुद्दा लेफ्टनंटचा, वय तेवीस. 1941 मध्ये त्या सैन्याने कृष्णवर्णीय नर्सेससाठी जागा ठेवल्या होत्या किती, तर 56! युद्ध संपेतो नर्सेस झाल्या पन्नास हजारांवर, त्यात या जेमतेम पाचशे. गोऱ्या जवानांची सेवा यांच्याकडे नको, म्हणून बऱ्याच जणींना पाठवलं जर्मन युद्धकैद्यांच्या छावण्यांत. एलिनॉरची ड्यूटी लागली ॲरिझोनातल्या फ्लॉरेन्सला. भर वाळवंट. त्याच उन्हाळ्यात फीनिक्स शहरात ती लष्करी गणवेशात जेवायला गेली, तर काउंटरवरून तिला तशीच परत पाठवली.

फ्रेडरिक आल्बर्ट तिथला कैदी, छावणीच्या स्वयंपाकघरात कामाला. एक दिवस मेसमध्ये हा सरळ तिच्यापुढे येऊन उभा. म्हणाला, माझं नाव लक्षात ठेवा, तुमचं लग्न माझ्याशी होणार आहे. काय हिंमत! मग तिच्यासाठी खास काहीबाही बनवणं सुरू झालं.

मला यात नवल नाही वाटलं. आमच्या वॉर्डात एकदा एक कैदी पेशंट होता. पायात बेडी, ती कॉटच्या दांड्याला अडकवलेली, दाराशी हवालदार. नाइटला मी औषध द्यायला गेले की आधी विचारायचा, "सिस्टर, जेवलात का?" अख्ख्या वॉर्डात हे विचारणारा तो एकटाच. (नाही, पुढे काही झालं नाही. माझं लग्न ठरलं होतं.)

तर फ्रेडरिक. युद्ध संपलं की कैद्यांना मायदेशी धाडणार, हे दोघांना पक्कं ठाऊक. ॲरिझोनात गोऱ्याशी तिचं लग्न कायद्यानेच बंद, आणि तो कायदा 1962 पर्यंत टिकला. मग त्यांनी ठरवून मूल होऊ दिलं, म्हणजे बापाला परत यायला काही आधार. माझ्या आईने हे ऐकून पदर तोंडाला लावला असता. तुला शिफारस म्हणून सांगत नाहीये हं. 1946 मध्ये तो जर्मनीला गेला, डिसेंबरात इकडे मुलगा झाला. जून 1947 मध्ये तो परतला आणि न्यूयॉर्कमध्ये लग्न लागलं. तिथे असा कायदा नव्हता.

पण घर काही मिळेना. काही काळ जर्मनीत गटिंगेनला सासरी राहिली, तिथे हिला कोणी आपलं मानलं नाही. परत आले, तर पेन्सिल्वेनियात शाळेने मुलाला प्रवेश नाकारला. शेवटी कनेक्टिकटमध्ये नॉरवॉकला, गोरे-काळे मुद्दाम शेजारी राहायचे अशा एका वस्तीत, बिऱ्हाड स्थिरावलं.

कैद्यांच्या स्वयंपाकघरातला फ्रेडरिक पुढे ब्रेड-बिस्किटांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला. तो 2001 मध्ये गेला, ती 2005 मध्ये. धाकटा मुलगा ड्यूक एलिंग्टन या नावाजलेल्या जॅझ वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा.