कॉलेजमध्ये सरासरी २५ गुण करणारा खेळाडू एनबीएत टिकेल का?

कॉलेज बास्केटबॉलच्या शेवटच्या वर्षात सामन्यागणिक २५ गुण करणारा खेळाडू ड्राफ्टच्या (एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात, त्या निवडीच्या) अंदाजांत दुसऱ्या फेरीत आणि जेमतेम १० गुण करणारा १९ वर्षांचा मुलगा त्याच्या कितीतरी पुढे, हे कसे, असा आपला प्रश्न आहे. गुणांची सरासरी जितकी खेळाडूच्या कौशल्याची, तितकीच संघात त्याला मिळालेल्या मोकळिकीची असते. कॉलेजमध्ये ज्याच्या हाती चेंडू सोपवून बाकीचे चौघे बाजूला होतात, त्याला एनबीएत तो मान मिळत नाही, कारण तिथे प्रत्येक संघात ते काम करणारा आधीच असतो. म्हणून चेंडू हातात नसताना हा खेळाडू काय करतो, हे मी सर्वांत आधी पाहतो.

२६ जानेवारी २०११ चा सामना मला यासाठी फार मोलाचा वाटतो. त्या कॉलेज हंगामात तोवर अपराजित असलेल्या सॅन दिएगो स्टेट विद्यापीठाविरुद्ध ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटने एकट्याने ४३ गुण केले आणि सामना जिंकून दिला. त्या हंगामात २८.९ च्या सरासरीने तो देशात पहिला होता. हरलेल्या संघात कवाय लेनर्ड होता. त्याचे थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेपलीकडून केलेली तीन गुणांची फेक) ३० टक्केही पडत नव्हते, पण लांबच लांब हात, प्रचंड तळवे, सामन्यामागे दहाहून अधिक रिबाउंड (नेम हुकल्यावर परतलेला चेंडू पकडणे) आणि कोणालाही रोखण्याची तयारी त्याच्याकडे होती. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये फ्रेडेट दहावा निवडला गेला, लेनर्ड पंधरावा. फ्रेडेटचा नेम एनबीएतही ढळला नाही, हे लक्षात घ्या. थ्री-पॉइंटर तिथेही ३७ टक्के पडले. मात्र चेंडू सतत त्याच्याकडे राहिला नाही आणि बचावातला त्याचा कमकुवतपणा झाकायला जागा उरली नाही. लेनर्डने फेक सुधारून घेतली आणि एनबीएच्या २०१४ च्या अंतिम मालिकेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

फेक सुधारेल की नाही, हे ओळखायला थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीपेक्षा फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या, कोणी न अडवलेल्या फेकीची) टक्केवारी मला जास्त विश्वासाची वाटते. कॉलेजच्या एका हंगामात थ्री-पॉइंटरचे प्रयत्न इतके थोडे असतात की नशिबाचा वाटा बराच राहतो, शिवाय कॉलेजची थ्री-पॉइंटरची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर आणि एनबीएची मधोमध २३ फूट ९ इंचांवर. फ्री थ्रोचे अंतर मात्र दोन्हीकडे सारखेच. केंटकी विद्यापीठाच्या टायरीस मॅक्सीचे कॉलेजमध्ये थ्री-पॉइंटर २९ टक्के आणि फ्री थ्रो ८३ टक्के होते. २०२० च्या ड्राफ्टमध्ये तो एकविसावा निवडला गेला आणि एनबीएच्या दुसऱ्याच हंगामात त्याचे थ्री-पॉइंटर ४२.७ टक्के पडले. उलट लॉन्झो बॉलचे कॉलेजमध्ये थ्री-पॉइंटर ४१ टक्के आणि फ्री थ्रो ६७ टक्के होते, आणि एनबीएच्या पहिल्या वर्षी ते अनुक्रमे ३०.५ आणि ४५ टक्क्यांवर आले.

वयाचा विचार करावाच लागतो, कारण २२ वर्षांच्या खेळाडूने १८ वर्षांच्या मुलांवर गाजवलेली ताकद पुढे उपयोगी पडत नाही. तरीही वय आणि उंचीपुढे संघ कधीकधी खेळाची समज विसरतात, असे मला मनापासून वाटते. कॉलेजची दोन विजेतेपदे मिळवलेला व्हिलानोव्हा विद्यापीठाचा जेलन ब्रन्सन २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तेहेतिसाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला होता.

आपल्या खेळाडूचे तगड्या संघांविरुद्धचे दोन-तीन सामने पूर्ण पाहा, केवळ निवडक क्षणचित्रे नकोत. त्यातली दहा मिनिटे चेंडूकडे न बघता फक्त त्याच्या पायांकडे बघा: पास दिल्यावर तो जागीच थांबतो की कोपऱ्यात धावतो, आणि ज्याला रोखायचे तो प्रतिस्पर्धी निसटल्यावर मागे वळून पळतो का.