तिढा फुटत नसतो

नागपूर, संक्रांतीच्या आदल्या दिवशी

प्रिय बेटा,

तुझी बातमी वाचली. मजकूर ठीक आहे, मथळ्यावर मात्र अडखळलो: 'जागावाटपात गतिरोध कायम'. अडखळणारच, आपल्याला गतिरोधक म्हटलं की रस्त्यावरचा उंचवटा आठवतो! तुझा गतिरोध हिंदी पेपरातून आलेला. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, इथं हिंदी घरच्यासारखीच वावरते, त्यात तुझा दोष नाही. पण घरात तीन-तीन शब्द पडलेले असताना उसनवारी काहून?

'कोंडी' आली कोंडणे या क्रियापदातून, कोंडवाडा तिचाच भाऊबंद. आतल्याला बाहेर पडायचंय आणि वाट बंद. म्हणून कोंडी फुटते, नाहीतर फोडावी लागते. सीताबर्डीला गाड्या अडकतात ती कोंडी. (बोलताना आपण 'जाम' म्हणतो, ते सोड.)

तिढा दोरीचा. पीळ वेडावाकडा बसला की पडतो, आणि दोन्ही टोकं ओढली की आणखी आवळतो. तो फुटत नाही, सुटतो. जागावाटपात दोन पक्ष एकच दोरी ओढत असतात, म्हणून तुझ्या बातमीत तिढाच हवा. 'तिढा फुटला' असा मथळा एकदा माझ्याच हातून छापून गेलाय, दुसऱ्या दिवशी वाचकांनी सोडलं नाही.

पेच फारसीतला, मूळ अर्थ पीळ, वळण. शिरपेच, डावपेच, आणि आपल्याकडच्या मिस्त्रीचा पेचकस, सगळीकडे तोच. तिढ्याशी त्याचं जमतं, पण पेचात बहुधा समोर कुणीतरी उभा असतो. कुस्तीत तो टाकतात, पतंगात लढवतात. उद्या गच्चीवर बघशीलच: मांज्यात मांजा अडकला की एक ढील देतो, दुसरा खेचतो, आणि 'ओ काट' झाल्याशिवाय ते संपत नाही. विरोधकांनी सभागृहात असा प्रश्न टाकला की मंत्र्याला होही म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना, तर तो पेच.

शंका आली की नाम बाजूला ठेव, आधी क्रियापद लिहून बघ. फुटणार आहे, सुटणार आहे, की कापलं जाणार आहे?

मथळा बदलून संध्याकाळपर्यंत पाठव. आणि उद्या ये, चक्री धरायला माणूस कमी पडतोय. नायलॉन मांजा आणू नकोस, बंदी आहे.

तुझा,
काका